गुराबेचे दोर आणि मामंजींचा डोळा

बाळांनो,

गेल्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. सकाळी दवाखान्यात गेले आणि दुपारच्या जेवणाला घरी परत आले. तुम्ही सगळे तिकडून फोनवर इतक्या काळजीने बोलत होता की मलाच तुम्हाला धीर द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि बैठकीच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेल्या जहाजाकडे माझं लक्ष गेलं. गेली काही वर्षं त्याचे दोर मला एकात एक मिसळलेले दिसायचे. त्या दिवशी एकेक दोर सुटा दिसला. तेव्हाच ठरवलं की हे आता लिहून ठेवायचं.

लहानपणी तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा त्या जहाजाला मी तुम्हाला हात लावू दिला नाही. ‘आजी फार शिस्तीची’ असं तुम्ही आपसात म्हणायचात, तेही मला ऐकू यायचं. शिस्तीची मी आहेच. पण हात न लावू देण्याचं कारण वेगळं होतं आणि ते मी कधी धड सांगितलं नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आणि तुम्हाला इंग्रजी वाचणं सोपं जाईल हेही मला ठाऊक आहे. पण ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं माझ्याशी मराठीत बोलली, तेव्हा मराठीतच लिहिते. अडेल तिथे आईबाबांना विचारा.

त्या जहाजाला गुराब म्हणतात. मराठी आरमारातलं ते लढाऊ जहाज. पुढचं टोक लांब आणि निमुळतं, कडेने तोफांची भोकं, वर तीन डोलकाठ्या. आपली गुराब माझ्या हाताएवढी लांब आहे आणि तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती फणसाच्या लाकडातून कोरली. आमच्या वेळी सासऱ्यांना मामंजी म्हणत. मीही तसंच म्हणायची, आणि इथेही तसंच लिहिते.

मामंजी कोकणातल्या एका लहानशा बंदरावर कारकून होते. त्यांचे आजोबा गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. त्या आजोबांनी सांगितलेलं आणि गावच्या देवळाच्या भिंतीवरचं एक जुनं चित्र, एवढ्या आधारावर मामंजींनी नोकरीतून उरलेल्या वेळात गुराब कोरायला घेतली होती. लाकडाचं सगळं काम तिकडेच पुरं झालं. दोर मात्र बांधले नव्हते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. तुमच्या आजोबांना पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, प्रयोगशाळेत. कारखान्याने राहायला घर दिलं. घर चांगलं, पण भोवती उघडा माळ, बाभळी आणि धूळ. तुम्ही आता रावेतला मावशीकडे उतरता आणि दहाव्या मजल्यावरून हमरस्त्याचे दिवे बघता. तेव्हा रावेत म्हणजे पवनेकाठचं खेडं होतं आणि तिथून आमच्याकडे दूध यायचं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सासूबाई आणि मामंजी कोकणातून आमच्याकडे कायमचे राहायला आले.

कारण डोळा. मामंजींचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला होता. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू वाढत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “अजून पिकला नाही. पिकू द्या, मग काढू.” तेव्हाची पद्धत तशीच होती. मोतीबिंदू पुरता पिकायची वाट बघायची, म्हणजे माणसाने जवळजवळ आंधळं होईपर्यंत थांबायचं, आणि मग शस्त्रक्रिया. दुसरा डोळा शाबूत असलेल्याला निदान तेवढा आधार असे. मामंजींना तोही नव्हता. हा एक डोळा बिघडला की संपलं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

बोलली ती एकटी दूधवाली. रावेतहून ती रोज सकाळी चालत यायची, आणि तिला आम्ही आक्का म्हणत असू. मामंजींनी गोधडीत गुंडाळून आणलेली गुराब आम्ही सोडवत होतो तेव्हा ती दारात उभी राहिली.

“आवं काकू, ह्ये होडगं हितं कशापायी आनलं? आमच्या पवनंला उन्हाळ्यात गुडघाभर पानी न्हाई.”

“होडगं नव्हे ते,” मामंजी म्हणाले. “लढाईचं जहाज आहे.”

“व्हय का? मग लढाई कुनासंगं, म्हशींसंगं?”

मामंजी मनापासून हसले. मग तिने विचारलं, “बाबांच्या डोळ्याचं काय म्हनत्यात?” सासूबाईंनी सांगितलं. आक्का म्हणाली, “आन् न्हाई दिसलं तर वो?”

सासूबाई दुधाचं पातेलं उचलून आत निघून गेल्या.

त्या दिवशीच मामंजींनी आम्हाला सांगितलं की डोळा पिकेपर्यंत दोर बांधून व्हायला हवेत. म्हणाले, “एक दोरी सोडून. निशाणाची.” त्यांच्या आजोबांच्या गावची रीत होती की नव्या गलबताला निशाणाची दोरी सगळ्यांत शेवटी बांधायची आणि ती मालकाने स्वतः बांधायची. ती बांधली की जहाज पुरं झालं. “ती मी शस्त्रक्रियेनंतर बांधेन,” ते म्हणाले, आणि इकडे तिकडे चाचपून तपकिरीची डबी शोधू लागले.

तपकीर ही त्यांची एकच चैन. पण तिच्याबद्दल पुढे.

तर दोर. डोलकाठी उभी राहावी म्हणून तिला दोन्ही अंगांनी ताणून धरणारे दोर असतात. शिडाचं लांब तिरकं लाकूड वर चढवायचे वेगळे. शीड फिरवायचे आणखी वेगळे. हे सगळे दोर कप्प्यांतून जातात, म्हणजे विहिरीच्या रहाटाला असतं तशा लहान चाकांवरून. एवढ्याशा गुराबेला एवढ्या बारीक कप्प्या आणायच्या कुठून? तो प्रश्न सासूबाईंनी सोडवला. मंगळसूत्र नव्याने गाठवून घेतलं की जुन्यातले उरलेले, टवका उडालेले काळे मणी टाकून देत नाहीत, पाण्यात सोडतात. सासूबाईंनी कोकणातून येताना तसे मणी पुडीत बांधून आणले होते, नदी दिसली की सोडायचे म्हणून.

“पाण्यातच जायचे ना? मग जहाजावर गेले म्हणून काय बिघडलं?” त्या म्हणाल्या.

मामंजी म्हणाले, “अगो, म्हणजे गुराबेचं लग्नच लागलं म्हणायचं.”

“तुमच्याशीच लागलंय, मला काय नवीन सांगता!”

तुमचे आजोबा कारखान्यातून इंजेक्शनच्या टाकाऊ रिकाम्या बाटल्या आणि त्यांची रबरी बुचं आणायचे. एका बाटलीत मणी, एकीत बारीक खिळे, एकीत मोठ्या डोलकाठीचे कापून ठेवलेले दोर, अशी मी व्यवस्था लावली आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. मामंजींना चिठ्ठ्या वाचता यायच्या नाहीत. मग मी बुचांना खाचा पाडल्या. ते बुचावरून अंगठा फिरवून हवी ती बाटली बरोबर उचलायचे. माझ्या शिस्तीचं घरात झालेलं पहिलं कौतुक ते. सासूबाई त्याआधी शिस्तीला ‘उगाच मांडामांड’ म्हणायच्या.

दोर वळायचं काम सासूबाईंचं. चातुर्मासात वाती वळून वळून त्यांचा हात असा बसला होता की मांडीवर सूत ठेवलं की तळवा आपोआप पुढे जायचा. पण बाजारचं सूत आधीच एका बाजूला पिळलेलं असतं. त्याला त्याच बाजूने आणखी पीळ दिला की त्याच्या गुंडाळ्या होतात. उलटा पीळ दिला तरच दोर सरळ राहतो.

“हात मागे घे, अगो. मागे.”

“इतकी वर्षं देवापुढच्या वाती ह्याच हाताने वळल्या.”

“देव सरळ आहे. दोर नाही.”

शेवटी सासूबाई पाट फिरवून तोंड भिंतीकडे करून बसल्या, म्हणजे हात मागे जातोय हे मामंजींना दिसायला नको, असं त्यांचं म्हणणं. मामंजींना तसंही तेवढं दिसत नव्हतं. पण दोर मात्र त्या दिवसापासून सरळ यायला लागले.

बांधायचं काम माझं. मामंजी शेजारी बसत. दोन बोटांनी डोलकाठी धरून ठेवत आणि मी दोर ओढून गाठ मारली की नखाने तो छेडून कान जवळ नेत. डावीकडच्या दोराचा जो आवाज तोच समोरच्या उजवीकडच्याचा आला पाहिजे. नाही आला तर गाठ सोडायची. मला आधी सगळेच आवाज सारखे वाटायचे. उन्हाळा लागेपर्यंत मीही कान लावायला शिकले. सकाळी स्वयंपाक उरकून आम्ही तिघं ओट्यावरच्या उजेडात बसायचो. त्या दिवसांत मामंजींची नजर महिन्यामहिन्याने उतरत होती. आधी त्यांना माझा चेहरा दिसेना, मग हात दिसेना, मग खिडकी कुठे आहे एवढंच कळायला लागलं. गुराब मात्र त्याच काळात पुरी होत होती.

कोकणात दोराला मेण चोळतात, म्हणून मामंजींनी पहिले दोर मेण चोळून घ्यायला लावले. माळावर ते जमलं नाही. होळीच्या सुमाराला वारा सुटला आणि मेणाला धूळ चिकटून सगळे दोर केसाळ दिसायला लागले, सुरवंटासारखे. आक्का म्हणाली, “होडग्याला मिशा फुटल्या की वो!” मग ते सगळे काढले, नवे दोर वळले आणि सासूबाईंनी त्यांना पेज द्यायची ठरवली. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज असायचीच. तिचं वरचं दाट पाणी दोराला चोळून वाळवलं की दोर कडक, गुळगुळीत होई. धूळ फुंकली की जाई.

“पेज आजाऱ्याला देतात,” मामंजी कुरकुरले. “माझ्या गुराबेला ताप आलाय का?”

पण हात फिरवून पाहिल्यावर पुढचा दोर त्यांनी स्वतःच मागितला.

पावसाळा संपेपर्यंत निशाणाची दोरी सोडून सगळं झालं. डॉक्टरांनीही तेव्हाच सांगितलं, पिकला, थंडीत या.

आता तपकिरीचं सांगते. त्या काळी टाक्यांची तितकी खात्री नसायची. शस्त्रक्रियेनंतर माणसाला उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावत आणि दोन्ही डोळे बांधून ठेवत. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, रागवायचं नाही, रडायचं नाही. शिंकायचं तर अजिबात नाही. एक जोराची शिंक आली तर डोळा उघडून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मामंजींनी तपकिरीची डबी उचलून माझ्या हातात दिली. “ठेव तुझ्या बाटल्यांत. चिठ्ठी लाव. मी मागितली तरी देऊ नकोस.”

गाडीने पुण्याला जायच्या दिवशी सकाळी ते गुराबेवरून हात फिरवत बसले. एकेक दोर छेडला. म्हणाले, “मी नसताना उन्हात ठेवू नका. कोठीत ठेवा, कापड घालून.” तशी आम्ही ती कोठीतल्या फळीवर ठेवली.

शस्त्रक्रिया झाली. सासूबाई रुग्णालयातच राहिल्या. तुमचे आजोबा कामावरून परस्पर तिकडे जायचे, मी एक दिवसाआड डबा घेऊन जायची. चांगली झाली का, असं विचारलं की डॉक्टर म्हणत, “आमचं काम झालं. आता डोळ्याचं काम.” मामंजी पिशव्यांच्या मध्ये डोकं ठेवून निजलेले असत आणि पावलं ऐकली की ओठ फारसे न हलवता विचारत, “गुराब?”

पहिल्या भेटीत मी म्हणाले, “आहे तशी आहे.” आणि ते खरं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तांदूळ काढायला कोठीत गेले. कापडाच्या कडेने एक झुरळ निघालं. कापड उचललं तर आणखी निघाली. पेजेवर ती तुटून पडली होती. गाठींजवळ पेज जास्त साठते, त्यामुळे नेमक्या गाठी कुरतडल्या होत्या. दोर जागोजागी लोंबत होते आणि पुढची डोलकाठी एका बाजूला कलली होती. मधल्या डोलकाठीचे दोर तेवढे वाचले होते. त्यांना सासूबाईंनी पेज पहिल्यांदाच दिली होती, आणि ती पातळ झाली होती.

मी तिथेच तांदळाच्या डब्यावर बसले. वर्षभराचं काम गेलं याचं वाईट वाटलं, पण खरी धास्ती वेगळीच होती. मामंजींना हे कळलं तर ते रागावतील नाही तर रडतील, आणि दोन्हीची मनाई होती.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात सासूबाईंना हळूच सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “सूत आहे घरात?”

“आहे.”

“तुला सगळं बांधता येईल?”

“येईल, आई. पण मग झुरळं पुन्हा येतील.”

तो तोडगा तुमच्या आजोबांनी काढला. म्हणाले, “बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. म्हणून तर पुस्तकं टिकतात.” मोरचूद म्हणजे निळे विषारी खडे असतात. ते पाण्यात विरघळवून पेजेत मिसळले. वाळल्यावर दोर जरा निळसर वाटले. किंचित. खिडकीजवळ नेले की निळसर, आत आणले की पांढरे. मी दोर वळायलाही बसले, आणि सासूबाईंसारखंच भिंतीकडे तोंड करून, कारण तसंच बघत आले होते.

आक्काला मुद्दाम बोलावून दाखवले. “आक्का, खरं सांगा, निळं दिसतंय का?”

तिने डोळे बारीक करून बघितलं. “कुटं निळं? धुतल्यावानी पांढरं हाय. तुमास्नी चष्मा लागला व्हय?”

मला हायसं वाटलं. मामंजी घरी येईपर्यंत सगळे दोर पुन्हा बांधून झाले. प्रत्येकाला कान लावला. निशाणाची दोरी तेवढी, आधीसारखीच, बाटलीत गुंडाळून ठेवली.

मामंजी घरी आले ते डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड लावून. पट्टी काढल्यावर काय दिसलं, असं आम्ही विचारलं होतं. ते म्हणाले होते, “उजेड. आणि धुकं.” डॉक्टर म्हणाले, चष्मा लागल्याशिवाय काही सांगता येणार नाही, आणि डोळा पुरता बसल्याशिवाय चष्मा देता येणार नाही. म्हणजे पुन्हा वाट बघणं. ते दिवस मला रुग्णालयातल्या दिवसांपेक्षा जड गेले. मामंजी जेवताना ताटातली वाटी चाचपत. भिंतीला हात लावून चालत. गुराबेचं नावही काढत नसत. एकदा सासूबाईंनी विचारलं, “आणू का गुराब? हात फिरवून बघा.”

“नको,” ते म्हणाले. “आता हाताने नाही बघायची.”

सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “त्यांना आपलं काम कळलं तर, म्हणून मी इतके दिवस घाबरत होते. आता नाही कळलं तर काय, याची भीती वाटते गो.”

माझ्याही मनात तेच होतं. दोर बदललेत हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी इतकी धडपड केली होती. आणि आता देवापुढे दिवा लावताना मनात यायचं, येऊ दे लक्षात.

चष्मा घेऊन ते आणि तुमचे आजोबा पुण्याहून आले त्या दिवशी रविवार होता. सकाळच्या गाडीने गेले आणि ऊन ओट्यावर असतानाच परतले. चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. त्यामागे मामंजींचा डोळा मोठा, पाणावलेला, अनोळखी दिसत होता. दारातून येताना त्यांनी उंबरठ्यावर पाय फार उंच उचलला. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

“आण,” मामंजी म्हणाले.

मी गुराब आणून टेबलावर ठेवली आणि कापड काढलं. मामंजी खुर्ची पुढे ओढून बसले. त्या चष्म्यातून फक्त मधलंच दिसतं, म्हणून ते मान एकदा इकडे, एकदा तिकडे करत होते. मग त्यांनी बोट पुढे केलं, डोलकाठीला लावायला. बोट वीतभर अलीकडेच थांबलं आणि हवेत काही धरल्यासारखं मिटलं.

सकाळी दूध घालून चष्म्यासाठी मुद्दाम मागे राहिलेली आक्का दारातून बघत होती. तुमचे आजोबा खिडकीकडे वळून उभे राहिले. सासूबाईंची बोटं माझ्या दंडात रुतत होती.

मामंजींनी हात मागे घेतला, चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकले.

“अगो,” ते म्हणाले, “दोरांना नीळ कोणी घातली?”

“काय म्हणालात?”

“नीळ. धोतराला घालतात ती. मधली डोलकाठी तेवढी पांढरी आहे, बाकीचे दोर सगळे निळे. निळेशार. कोणाचा हा उद्योग?”

सासूबाईंनी माझा दंड सोडला. त्यांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. पदराने तोंड पुसत त्या एवढंच म्हणत होत्या, “निळे दिसतात हो ह्यांना! निळे दिसतात!”

“बाबा, कुठे निळे आहेत? पांढरेच तर आहेत,” तुमचे आजोबा म्हणाले. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

“तू प्रयोगशाळेत काय बघतोस रे मग दिवसभर?”

आक्का आत येऊन गुराबेवर वाकली. “बाबांचा डोळा हाय का दुर्बीन वो? मला तर आजून पांढरंच दिसतंय.”

पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मोतीबिंदूबरोबर डोळ्याच्या आतली पिवळट काचच निघून जाते, त्यामुळे अशा माणसाला निळा रंग इतरांपेक्षा जास्त दिसतो. हात आखूड पडला तोही जाड काचेमुळे, सगळं जवळ आल्यासारखं दिसतं म्हणून. सवयीने जाईल, म्हणाले. गेलंही.

मग आम्ही त्यांना पेज, झुरळं आणि मोरचूद, सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं मला अजूनही वाटत होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “मधली डोलकाठी का खाल्ली नाही?”

“तिची पेज पातळ झाली होती,” सासूबाई म्हणाल्या.

“एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तुझी पेज पातळ झाली म्हणून बरं वाटतंय.”

त्यांनी नखाने दोर छेडले, सगळे, एकेक. एका ठिकाणी थांबले, पुन्हा छेडला आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे बघितलं, आवाजाच्या दिशेने नाही. वर्षभरात पहिल्यांदा.

“मागच्या डोलकाठीचा डावा दोर सैल आहे, सूनबाई.”

“हो, मामंजी.”

“राहू दे. बाकी बरे आहेत.”

मग त्यांनी निशाणाची दोरी मागितली. मी बाटली पुढे केली. सवयीने त्यांचा अंगठा बुचावरच्या खाचेवर गेला, आणि मग त्यांनी बाटली डोळ्यासमोर धरून माझी चिठ्ठी वाचली. मोठ्याने वाचली. दोरी काढून तिचं टोक ओठांत ओलं केलं आणि डोलकाठीच्या शेंड्यावरच्या काळ्या मण्यातून ओवायला घेतलं. दोनदा टोक बाजूने गेलं. सासूबाई पुढे सरकल्या तर त्यांनी कोपराने त्यांना मागे सारलं. पुन्हा केलं तेव्हा दोरी मण्यातून पलीकडे निघाली. त्यांनी ती खाली आणून बांधली, उरलेलं टोक कापलं आणि कात्री टेबलावर ठेवली.

“झाली,” ते म्हणाले.

सासूबाईंनी आतून नारळ आणला. पाणी गुराबेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, शिंपडलं, अगदी थेंबभर, कारण पेजेचा अनुभव ताजा होता. खोबरं वाटलं. आक्काला जास्त मिळालं, ती पदरात बांधून रावेतला घेऊन गेली.

“आता माझी दुसरी बाटली,” मामंजी मला म्हणाले.

तपकिरीची डबी मी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी लावून ठेवली होती. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटलं आहे का, असं मी तुमच्या आजोबांना आधी विचारलं. त्यांनी मान डोलावली, तेव्हाच दिली. मामंजींनी चिमूट ओढली आणि असे शिंकले की ओट्यावरचे कावळे उडाले. एक, दुसरी, तिसरी. प्रत्येक शिंकेनंतर आम्ही सगळे त्यांच्या डोळ्याकडे बघत होतो आणि ते डोळा पुसून पुन्हा गुराबेकडे बघत होते.

त्यानंतर मामंजी बरीच वर्षं होते. रोज वर्तमानपत्र वाचायचे, पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझ्या विद्यार्थिनींच्या निबंधांतली अक्षरं चांगली की वाईट एवढं सांगायचे, आणि निळ्या रंगाबद्दल घरात कोणाचं काही ऐकून घेत नसत. साडी घेताना सासूबाई त्यांना मुद्दाम विचारायच्या.

मी पट्टी काढल्यावर त्या दिवशी गुराबेकडे बघितलं ते याचसाठी. माझ्या डोळ्यात आताच्या पद्धतीची नवी काच बसवली आहे, मामंजींसारखा निळेशार रंग काही मला दिसला नाही. पण मधल्या डोलकाठीचे दोर आणि बाकीचे दोर यांत फरक आहे, हे मात्र दिसलं. आक्का काहीही म्हणो.

पिंपरीचं ते घर कारखान्याला परत केलं. सासूबाईंचा पाट वाळवीने गेला. बाटल्या घर बदलताना फुटल्या, एक तेवढी आहे, तिच्यात मी सुया ठेवते. जाड काचेचा चष्मा कपाटाच्या वरच्या खणात आहे. गुराब फळीवर आहे. पुढच्या आणि मागच्या डोलकाठ्यांचे दोर मोरचुदाचे, मधलीचे त्याआधीचे, सगळे जागच्या जागी. त्या विषारी दोरांना लागलेला हात तुम्ही तोंडात घालाल, म्हणून तर मी तुम्हाला हात लावू देत नव्हते. मागचा डावा दोर अजून सैल आहे. निशाणाची दोरी मामंजींनी बांधली तशीच आहे.